दहा अँपियर, तीस व्होल्ट

"पॅनेलमध्ये कोणताही दोष आढळला नाही," असं पॅनेलवालीने लिहून दिलं. खाली सही केली, शिक्का मारला, तारीख घातली. त्या एका ओळीवर मामाचं काम गेलं.

पॅनेलवाली म्हणजे यंत्रांची कंट्रोल पॅनेलं बनवणारी बाई. आठ वर्षांपूर्वी तिने घराच्या तळमजल्यावर वर्कशॉप टाकलं, तेव्हापासून बाजारात तिला दुसरं नाव उरलं नव्हतं. दोन लांब टेबलं, एक ड्रिल मशीन, भिंतीवर रंगीत वायरींची रिळं. हाताला स्वच्छ आणि शब्दाला पक्की, अशी तिची ख्याती. तिच्या पॅनेलचं दार उघडलं की आतल्या वायरी भांग पाडल्यासारख्या सरळ दिसायच्या.

मामा हा कागदाच्या गोदामातला लिफ्टवाला. मालाची लिफ्ट, तिच्यावर माणसाने चढायचं नाही, फक्त कागदाचे गठ्ठे वर-खाली करायचे. बावीस वर्षं तो तिची बटणं दाबत होता. गोदामात कोणाचाही तो सख्खा मामा नव्हता, पण मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत.

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळी मामाने दुसऱ्या मजल्यावर उभं राहून भरलेली लिफ्ट वर घेतली आणि बटण सोडलं. लिफ्ट थांबली. लंबू नावाचा हमाल ढकलगाडी घेऊन पुढे झाला. गाडीची पुढची चाकं लिफ्टवर गेली आणि लिफ्ट खाली सरकायला लागली. धाडकन नव्हे, सावकाश, एखादी म्हैस पाण्यात बसावी तशी. गाडी कलली, गठ्ठा घसरला आणि लंबूच्या उजव्या पायावर पडला. मामाने लाल बटणावर थाप मारली, तेव्हा लिफ्ट जागच्या जागी थांबली. लंबूच्या पायाची दोन बोटं मोडली होती.

मॅनेजरचा हिशेब सरळ होता. लाल बटण दाबल्यावर लिफ्ट थांबली, म्हणजे ब्रेक चांगला. ब्रेक चांगला असताना लिफ्ट खाली गेली, म्हणजे मामाचं बोट खालच्या बटणावर होतं. मामा म्हणाला, "मी बोट काढलं होतं." सगळेच असं म्हणतात, असं मॅनेजरला वाटलं. तरीही खात्री करावी म्हणून त्याने पॅनेलवालीला बोलावलं. तिने भरलेली लिफ्ट वीस वेळा वर-खाली केली. वीसच्या वीस वेळा ती बरोबर थांबली. तिने लिहून दिलं, आणि घरी जाताना तिला हलकंही वाटलं. पॅनेल तिचं होतं ना.

सहा दिवसांनी मामा वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"या मामा, बसा."

तो बसला नाही. तिला वाटलं, आता हा भांडणार. पण तो टेबलावरच्या अर्धवट पॅनेलकडे बघत होता.

"बाई, एक विचारायचं होतं. मी बोट काढलं होतं की नव्हतं, हे त्या पेटीला कळतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यात काही नोंद राहते का? तुम्ही उघडून बघितलंत, तर तुम्हाला कळलं असेल."

"नाही मामा. तसली पेटी नाही ती. बटण दाबलं की चालते, सोडलं की थांबते. मागचं काही लक्षात ठेवत नाही."

"असं होय. मला कामाचं नाही हो एवढं. पोरगा म्हणतो, तसंही दोन वर्षांत घरी बसायचंच होतं. पण लंबूचा पाय माझ्यामुळे मोडला का, ते मला कळायला पाहिजे. पहिले दोन दिवस मी छातीठोक सांगत होतो, काढलं होतं बोट. मग बायको म्हणाली, झालं असेल चुकून, माणूसच आहे. मॅनेजर म्हणाला, तुमचं वय झालं. आता रात्रंदिवस तेच डोक्यात. मला आठवतं की काढलं होतं. पण आठवतं म्हणजे झालंच होतं, असं थोडंच आहे?"

तिने चहा मागवते म्हटलं. तो नको म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. दोनदा चुकीच्या रंगाची वायर कापली. शेवटी हातातली पक्कड खाली ठेवून ती गोदामात गेली. "खबरदारी म्हणून एक भाग बदलते," असं मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "बदला की. आमचं काय जातंय?"

तिने बदलला तो ब्रेकचा रिले.

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. आपण हाताने बटण दाबतो, ते याच्या आत एक लोहचुंबक करतो. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो. ब्रेकच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, वीज दिली की तो सुटतो. वीज तोडली की स्प्रिंग त्याला पुन्हा आवळते. ही वीज जोडण्या-तोडण्याचं काम पूर्वी मुठीएवढा एक जुना स्विच करायचा. आठ महिन्यांपूर्वी तो जळाला. तसला आता कुठे मिळत नव्हता, म्हणून तिने त्या जागी काडेपेटीएवढा, पारदर्शक झाकणाचा नवा रिले बसवला. त्याच्यावर ठळक छापलं होतं, दहा अँपियर. ब्रेकची कॉइल घेत होती जेमतेम दीड. दहाच्या पठ्ठ्याला दीडाचं ओझं! तिला तर वाटलं होतं, आपण जास्तच भारी माल बसवला.

घरी येऊन तिने जुन्या रिलेचं झाकण उचकटलं. आत दोन पत्त्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला चांदीचा टिकलीएवढा ठिपका. हे ठिपके एकमेकांना टेकले की वीज जाते, सुटले की थांबते. तिने भिंग लावून पाहिलं. आठ महिन्यांत ते थोडे काळवंडायला हरकत नव्हती. पण इथे एका ठिपक्यात खड्डा पडला होता, आणि समोरच्या ठिपक्यावर त्याच मापाचं टेंगूळ उभं राहिलं होतं. जणू इथली चांदी उचलून कोणी तिथे लिंपली होती. असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

ज्याने पाहिलं असेल, असं माणूस वरच्याच मजल्यावर राहत होतं. पण त्या जिन्याच्या पायऱ्या चढणं सोपं नव्हतं.

वर तिची नणंद राहायची. नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे ताई म्हणत. वरच्या तारांमधून वीज घेऊन रस्त्यावर धावतात त्या बसच्या डेपोत ताईंनी सव्वीस वर्षं स्विच दुरुस्त केले होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा नोकरी सोडून त्या भावाकडे आल्या. आठ वर्षांपूर्वी पॅनेलवालीने आपलं पहिलं पॅनेल मोठ्या हौसेने त्यांना दाखवलं होतं. ताईंनी चष्मा नाकावर सरकवून बघितलं आणि म्हणाल्या, "चिमणीने घरटं बांधलंय का गं?" त्या दिवसापासून तिने वायरी सरळ बसवायला सुरुवात केली, आणि त्याच दिवसापासून ताईंना कामातलं काही विचारणं बंद केलं. जेवायला एकत्र, दुखलं-खुपलं तर एकत्र, पण वर्कशॉपचा विषय निघाला की दोघी भाजीत मीठ किती आहे ते बघायच्या.

ती वर गेली. ताई खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. तिने रिले आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवलं.

ताईंनी रिले उजेडात धरला. भिंगाची त्यांना गरज पडली नाही.

"डीसी तोडायला लावला होतास याला?"

"हो. ब्रेकची कॉइल."

"किती व्होल्ट?"

"एकशे दहा."

"आणि यावर काय लिहिलंय?"

"दहा अँपियर."

"सगळं वाच."

तिने वाचलं. "दहा अँपियर, अडीचशे व्होल्ट एसी."

"त्याच्या खाली?"

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती तिने शेकडो वेळा पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. "दहा अँपियर... तीस व्होल्ट डीसी."

"तीस," ताई म्हणाल्या. "तू लावलेस एकशे दहा."

"पण ताई, अडीचशे लिहिलंय ना वर? एकशे दहा त्याहून कमीच. आणि करंट तर दीडच आहे."

"बस इथे."

ती पलंगाच्या कडेला बसली. ताईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ठिपके एकमेकांपासून सुटतात ना, तेव्हा वीज लगेच थांबत नाही. मधल्या फटीतून जाळ होऊन उडी मारत राहते. आता एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. धावता धावता दम घेते म्हण. तिने दम घेतला की जाळ विझतो. म्हणून एवढ्याशा फटीत अडीचशे व्होल्ट तुटतात. डीसी दम घेतच नाही. ती एकसारखी ढकलत राहते. तीस व्होल्टांपर्यंत तिचा जोर कमी असतो, तेवढी फट पुरते. त्याच्या पुढे व्होल्ट वाढले की तोडता येणारे अँपियर पटकन खाली येतात. एकशे दहावर हा बापडा अर्धा अँपियरसुद्धा धड तोडणार नाही."

"दहाचा अर्धा?"

"दहाचा अर्धा नाही गं, अर्धा! शून्य पॉइंट पाच. आणि तेही साध्या बल्बशेगडीसारख्या ओझ्याला. तुझी तर कॉइल. तोडताना ती उलटा झटका देते. तिच्यासाठी आणखी कमी धर."

"म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक लागताना..."

"प्रत्येक वेळी आत वेल्डिंग चालू होतं. एका बाजूची चांदी वितळून दुसऱ्या बाजूला जाते. डीसीची दिशा बदलत नाही, म्हणून नेहमी इकडून तिकडेच. हा खड्डा आणि हे टेंगूळ त्याचंच. एक दिवस टेंगूळ खड्ड्यात अडकतं आणि सुटतच नाही. मग तू बटण सोड नाहीतर डोक्यावर उभी राहा, कॉइलला वीज मिळतच राहते."

"आणि ब्रेक उघडा राहतो," पॅनेलवाली म्हणाली. "नुसत्या गिअरवर उभी राहिलेली लिफ्ट गाडीचा धक्का बसताच सरकली." तिने रिले हातात घेतला. "पण मी वीस वेळा चालवून बघितली. एकदाही अडकला नाही."

"हलकंच चिकटलं असेल. धक्क्याने सुटलं. लाल बटण दाबल्यावर पॅनेलमधला मोठा स्विच केवढ्याने आपटतो!"

तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला. "लिफ्ट बंद ठेवा. आत्ता. आज बसवलेला रिलेही त्याच जातीचा आहे. मी उद्या येऊन सांगते. नाही, उद्याच सांगते. तोवर कोणी बटणाला हात लावू नका." मग फोन ठेवून म्हणाली, "ताई, मला हे डोळ्यांनी बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत वर्कशॉपमध्ये उतरल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. भिंतीवरची रिळं, सरळ वायरी, सगळीकडे त्यांची नजर फिरली, पण त्या बोलल्या काही नाहीत. नवा रिले झाकण काढून टेबलावर बसवला. भंगारातली ब्रेकची एक कॉइल जोडली. आधी एसीवर एक साधी शेगडी लावून बघितली. रिले सुटताना टिचकीएवढी ठिणगी पडली आणि गेली. मग एकशे दहा डीसीवर कॉइल. रिले सुटला आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये हिरवट निळी ज्योत ताणली गेली, फर्र आवाज करत रेंगाळली आणि नाइलाजाने विझल्यासारखी विझली.

"बघ," ताई म्हणाल्या.

"बघितलं."

टायमर लावून रिलेला दर सहा सेकंदांनी चालू-बंद करत ठेवलं. कॉइलबरोबर एक दिवा जोडला, म्हणजे रिले अडकला की दिवा पेटलेला राहील. दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. तासाभरात जळक्या धातूचा वास सुटला. ताईंनी डेपोतल्या गोष्टी सांगितल्या. स्विचच्या जाळाला फुंकर मारायला तिथे चुंबक बसवलेले असत, चुंबक त्या ज्योतीला बाजूला ओढून तोडत. पॅनेलवालीला हे सगळं नवं होतं. मोजणी अकराशे चाळीसवर आली, आणि दिवा विझला नाही.

पाच सेकंद. दहा. रिलेच्या लोहचुंबकात वीज नव्हती, आणि ठिपके एकमेकांना धरून बसले होते. पॅनेलवालीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टेबलावर एक टोला दिला. टक्. ठिपके सुटले, दिवा गेला. पुढे कितीतरी वेळा रिले असा शहाण्यासारखा चालला, की त्याच्यावर कोणी आळ घेतला तर घेणाऱ्यालाच लाज वाटावी.

"मामाने बोट काढलं होतं," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता जाते आणि लिहून देते."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. "एकटी जाणार आहेस की मी येऊ?"

"एकटी जाते. चूक माझी आहे."

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. रिले हातात फिरवला, बारीक ओळ वाचली, खड्डा आणि टेंगूळ भिंगातून बघितलं. मग केबिनचं दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्ही चांगलं काम करता म्हणून सांगतो. भाग बदलणार ना? लिफ्ट आता ठीक होईल ना? मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? मामा काही कोर्टात गेलेला नाही."

"धोंडा लंबूच्या पायावर पडलाय. आणि खापर मामाच्या डोक्यावर फुटलंय."

"मामाचं वय झालं होतंच."

"मग वय झालं म्हणून काढा. बोट ठेवलं म्हणून कशाला काढलंत?"

तिने तिथेच, त्याच्या समोर, नवा कागद घेतला. लिहिलं की आधीचा अहवाल चुकीचा होता. ब्रेकच्या रिलेची डीसी तोडण्याची क्षमता तीस व्होल्टांची असताना तो एकशे दहा व्होल्टांवर बसवला गेला. तो बसवणारी व्यक्ती मी स्वतः. रिलेच्या आतले ठिपके चिकटल्याने ब्रेक उघडा राहिला. बटण दाबणाऱ्याचा यात काही दोष नाही. सही केली. शिक्का मारला, तो जरा तिरका उमटला.

"हे माझ्या वरच्यांना दाखवावं लागेल," मॅनेजर म्हणाला. "मग लिफ्टचं काम तुमच्याकडे राहील असं मी सांगू शकत नाही."

"समजलं. पण नवा स्विच मीच बसवून देते. तोपर्यंत दुसऱ्या कोणालाही हात लावू देऊ नका."

तिने खास डीसीसाठी बनवलेला मोठा स्विच बसवला, आत चुंबक असलेला. कॉइलचा उलटा झटका पिणारा एक भाग जोडला. शिवाय एसीच्या बाजूला दुसरा स्विच घातला, म्हणजे एक अडकला तरी दुसरा वीज तोडेल. ताईंनी तिचा आराखडा बघून एकच वायर बदलायला सांगितली, आणि ती वायर खरोखरच बदलण्यासारखी होती. वरच्यांनी लिफ्टचं काम पुढच्या महिन्यात दुसऱ्याला दिलं.

मामाच्या घरी ती स्वतः गेली. त्याच्या बायकोने दार उघडलं. मामा बिनबाह्यांच्या बनियनवर होता. घाईने सदरा घालायला आत गेला आणि बटणं लावतच बाहेर आला.

"तुम्ही बोट काढलं होतं," ती उभ्यानेच म्हणाली. "चूक माझ्या रिलेची होती. माझी होती. मी लिहून दिलंय."

मामाने बायकोकडे बघितलं. बायको खाली बघायला लागली. मामा खुर्चीत बसला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून.

"लंबूला कळवलंत?" त्याने विचारलं.

"त्याच्याकडेच निघालेय."

"थांबा, मीपण येतो." मग अर्धवट उठत म्हणाला, "राग नाही म्हणणार नाही, बाई. आठ दिवस मी स्वतःला चोर समजत होतो."

"राग असू द्या. त्याला मी काही म्हणणार नाही."

लंबूच्या पायाला प्लास्टर होतं आणि तो बाजेवर पडून बोअर झाला होता. त्याला कारण कळलं तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं ते हे, की एवढ्याशा डबीमुळे एवढी मोठी लिफ्ट कशी काय ऐकेनाशी झाली. मग मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मी कधी घेतलं होतं का तुमचं नाव? मी तर म्हटलं होतं, लिफ्टलाच माझा पाय आवडला." मामा हसला नाही, पण त्याच्या शेजारी बाजेवर टेकला. पुढच्या सोमवारपासून मॅनेजरने त्याला परत कामावर घेतलं. मामाने दोन वर्षं नाही, नऊ महिने काम केलं आणि स्वतःहून थांबला.

पॅनेलवालीचं काम मात्र तिथे संपलं नव्हतं. आठ वर्षांतल्या सगळ्या आराखड्यांची फाइल काढून ती आणि ताई जेवणाच्या टेबलावर बसल्या. जिथे जिथे डीसी तोडायला छोटा रिले लावला होता, तिथे ताईंनी लाल पेन्सिलीने खूण केली. सात ठिकाणं निघाली. बारा आणि चोवीस व्होल्टांची ठिकाणं त्यांनी सोडून दिली. तिथे तीसच्या आतलाच मामला होता. नवरा येऊन विचारून गेला, की आज दोघींचं जेवण होणार आहे का. ताईंनी पुढचा आराखडा ओढला.

सातही ठिकाणी ती जाऊन आली. तीन ठिकाणी खड्डे पडायला लागले होते. एका ठिकाणी मालकाने तिच्या तोंडावर सांगितलं, की पुन्हा येऊ नका. शेवटचं ठिकाण एक लेथवाल्याचं वर्कशॉप होतं. तिथे लोखंड धरून ठेवणाऱ्या मोठ्या चुंबकाला एकशे दहा डीसी लागायची. लेथवाला चालू काम थांबवावं लागलं म्हणून कुरकुरत होता. तिने रिले उघडला. ठिपके जवळजवळ नवे होते. हा माणूस चुंबक दिवसातून दोनदाच बंद करायचा.

"खराब झालाय का?" लेथवाल्याने डोकावून विचारलं.

"नाही."

"मग बदलता कशाला?"

"कारण याच्यावर तीस लिहिलंय," ती म्हणाली आणि नवा स्विच बसवायला भोकं मारायला लागली.

लेथवाल्याने जुना रिले उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. बारीक अक्षरं त्याला दिसेनात. शेवटी त्याने आतून चष्मा आणला आणि भिंतीला टेकून, ओठ हलवत ती ओळ वाचली.